एक दिवा लुकलुकावा म्हणून

इलेक्ट्रॉनिक्सच्या नादी लागलेल्या माणसाचं पहिलं स्वप्न अगदी लहान असतं. एक लाल दिवा सेकंदाला एकदा लागावा आणि विझावा, बस्स. असे पन्नास दिवे आठ तऱ्हांनी लुकलुकवणारी माळ दिवाळीत फुटपाथवर शंभर-सव्वाशे रुपयांना मिळते, हे घरातल्या प्रत्येकाने त्याला निदान एकदा ऐकवलेलं असतं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "पण हा मी केलेला असेल!" या अभिमानाची किंमत पुढे बॅटऱ्या, आयसी, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि डाग पडलेला टेबलक्लॉथ धरून माळेच्या कैकपट होते, ती गोष्ट वेगळी.

हा नाद वय बघत नाही. अकरावीतली मुलगी, डिप्लोमाचा विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले आणि घरच्यांना दिवसभर समोर दिसू लागलेले गृहस्थ, कोणालाही तो लागतो. लक्षणं सारखीच. आधी ओहमचा नियम पाठ होतो. मग बंद पडलेली घड्याळं आणि चार्जर 'पार्ट काढायला' जमवले जातात. त्यापुढची पायरी म्हणजे घरातल्या चालू रेडिओकडे पाहण्याची नजर बदलते आणि घरची माणसं रेडिओ उचलून आतल्या खोलीत ठेवतात.

यानंतर खरेदी. पुण्यात त्यासाठी तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण तिथे त्या नावाने चौकशी करणारा माणूस दुकानदारांना करखात्यातला वाटतो. काउंटरवर गर्दी असते आणि गर्दीतल्या प्रत्येकाला काय हवं ते नंबरासकट ठाऊक असतं. आपला नवशिका तेवढा कागदाच्या चिठोऱ्याशी झटत उभा.

"एक रेझिस्टर द्या."

"केवढा?"

"छोटासाच."

"अहो, व्हॅल्यू केवढी?"

"दहा के."

"पाव वॉट की अर्धा?"

"..."

"कार्बन की मेटल फिल्म?"

"जो चांगला असेल तो द्या."

"शंभराचं पाकीट घ्या. सुटा एक मोजायला मला वेळ नाही."

अशा रीतीने प्रत्येक नवशिक्याच्या घरी दहा किलोओहमचा एक रेझिस्टर वापरलेला आणि नव्व्याण्णव बर्फीच्या खोक्यात जपलेले असतात. खोक्यावर चिठ्ठी नसते, त्यामुळे पुढच्या वेळी ते ओळखायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

रेझिस्टर ओळखायचे ते त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन असं करत पांढरा नऊ. पाठ करायला सोपं. पण तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक किलोओहम आणि तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा किलोओहम. लाल आणि नारिंगी यांच्यातला फरक ट्यूबलाइटखाली जवळजवळ नाहीसा होतो आणि सर्किटमध्ये मात्र दहापट होतो. मोबाइलचा टॉर्च आणि भिंग लावून, डोळे बारीक करूनही ज्याचा निकाल लागत नाही, त्याचा निकाल आयुष्यभर साडीला मॅचिंग ब्लाउजपीस निवडलेली आई भाजी निवडता निवडता लावते. "लाल कुठला रे? नारिंगी आहे चांगला." निळ्या अंगाच्या, पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रेझिस्टरपुढे मात्र आईसुद्धा हात टेकते.

आता मुख्य पात्र. दिवा लुकलुकवायचा म्हटलं की जगभर जिच्यापासून सुरुवात होते, ती आठ पायांची आयसी म्हणजे ५५५. तिचा जनक हान्स कॅमेनझिंड हा मूळचा स्वित्झर्लंडचा. कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावात दोन चायनीज हॉटेलांच्या मध्ये चिणलेल्या एका लहानशा ऑफिसात बसून तो सिग्नेटिक्स कंपनीसाठी काम करत होता. घरी बायको आणि चार मुलं. त्याच्या पहिल्या आराखड्यात नऊ पाय होते. मग एका गुंतागुंतीच्या भागाऐवजी साधा रेझिस्टर चालेल, असं त्याच्या ध्यानात आलं, एक पाय वाचला आणि आयसी आठ पायांच्या स्वस्त खोक्यात मावली. १९७२ साली ती बाजारात आली आणि आजही तयार होते आहे. शेजारून दोन्ही बाजूंनी शेजवान सॉसचा वास येत असताना ज्याला हे सुचलं, त्याच्यापुढे "घरात गडबड असते, एकाग्रता होत नाही" ही नवशिक्याची सबब टिकत नाही.

सर्किट जुळवायचं ते ब्रेडबोर्डवर. हा भोकाभोकांचा पांढरा प्लास्टिकचा पाट. एका रांगेतली पाच भोकं आतल्या पत्र्याच्या चिमट्याने एकमेकांना जोडलेली असतात, मधली खाच आयसीसाठी, आणि कडेच्या लांब पट्ट्या प्लस-मायनससाठी. नवशिका आधी एलईडीचे दोन्ही पाय त्या पाचांपैकीच दोन भोकांत खोचतो. वीज बिचारी पत्र्यातून सरळ निघून जाते, दिव्याला विचारतही नाही. दिवा खराब ठरवून दुसरा लावला जातो, तोही त्याच रांगेत. पुढे एखादा लांबलचक बोर्ड आणला, तर त्याच्या कडेची पट्टी अधूनमधून तुटक निघते. तांबड्या रेघेत एक बारीकशी फट असते, तीच खूण. ती न दिसल्यामुळे निम्म्या बोर्डावर वीजपुरवठा आणि निम्म्यावर भारनियमन, अशी परिस्थिती कित्येक संध्याकाळी राहते.

आयसी उलटी बसवणं हा तर संस्कारच मानायला हवा. एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती डावीकडे ठेवून खालच्या ओळीपासून पाय मोजायचे. ७४०० जातीच्या चौदा पायांच्या कित्येक आयसींत सातवा पाय मायनसचा आणि चौदावा प्लसचा. म्हणजे आयसी फिरवून बसवली की अगदी नेमकेपणाने प्लसच्या जागी मायनस येतो. जणू कंपनीला नवशिक्यांबद्दल कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. मग वास येतो. वास कुठून येतो हे पाहायला बोट लावलं जातं आणि बोटावर आयसीचा नंबर जवळजवळ वाचता येईल असा उमटतो.

हे सगळं टळलं तरी कपॅसिटर उरतोच. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचंच घ्या. पुस्तकात सूत्र होतं: १.४४ भागिले पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर. दहा किलोओहम, अडुसष्ट किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले की उत्तर येतं सेकंदाला जवळपास एकदा. आकडेमोडीत गृहस्थांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुडीत दोन कपॅसिटर होते. एकावर १० मायक्रोफॅरड छापलेलं, दुसऱ्या चपट्यावर नुसतं १०४. त्यांनी विचार केला की १०४ हा १० पेक्षा मोठा, मोठा कपॅसिटर म्हणजे दिवा जास्त सावकाश लुकलुकणार, निवांत बघता येईल. तो लावला, बॅटरी जोडली. दिवा लागला. लागला तो लागलाच.

"लुकलुकत नाहीये."

"लागलाय तर खरा!" पत्नीने बाजू सावरली.

"लागायला नकोय, लुकलुकायला हवाय."

"मग वायर काढा आणि लावा, काढा आणि लावा. लुकलुकेल."

संसारात यापेक्षा लहान कारणावरून अबोले झालेले आहेत. गृहस्थांनी बॅटरी बदलली, आयसी बदलली, दिवा बदलला. दुकानदार डुप्लिकेट माल गळ्यात मारतो, असा निष्कर्ष काढला. सर्किट बॅटरीवर चालत असूनही व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या वीजवाल्यांना दोन शब्द सुनावले. या सगळ्या क्रमात आपली जोडणी किंवा आपलं वाचन चुकलं असेल, ही शंका शेवटच्या नंबरावर होती आणि तिथपर्यंत पाळी आली नव्हती. तेवढ्यात सुट्टीला आलेल्या भाच्याने बोर्ड उचलला आणि दिवे घालवून अंधारात तो उगाच हवेत फिरवला. हवेत सलग लाल रेघ उमटायला हवी होती. उमटल्या तुटक तुटक लाल रेघा, मध्ये समान अंतर सोडून.

दिवा लुकलुकत होता, सेकंदाला सुमारे शंभर वेळा. कपॅसिटरवरचं १०४ म्हणजे दहावर चार शून्यं, तीही पिकोफॅरडमध्ये, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. दहाचा शंभरावा हिस्सा. डोळ्याला एवढी घाई झेपत नाही, म्हणून तो नुसता जरा मंद दिसत होता. सर्किट पहिल्या क्षणापासून बिनचूक चाललं होतं आणि घरात तेवढं तेच काय ते शांत होतं.

दिवा एकदाचा जमला की नवशिक्यांत दोन पंथ पडतात, अॅनालॉग आणि डिजिटल. डिजिटलवाल्याला वाटतं, आपल्याकडे शून्य आणि एक एवढाच हिशेब, चुकणार काय? अॅनालॉगवाल्याला वाटतं, खरं इलेक्ट्रॉनिक्स ते आपलंच, बाकीचे नुसते बटणं दाबतात. दोघांचाही गर्व उतरवायची सोय आहे.

अॅनालॉगवाला आधी अॅम्प्लिफायर करतो. एलएम ३८६ ही आयसी त्यासाठी लोकप्रिय. पायही आठच, आवाज वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत वाढवते, छोट्या स्पीकरला पुरते. सर्किट जोडलं, वीज दिली आणि स्पीकरमधून जे आलं ते गाणं नसून "भोंऽऽ" होतं. भिंतीतल्या वायरिंगमधली पन्नास हर्ट्झची वीज हवेतून उचलून अॅम्प्लिफायर इमानदारीने मोठी करतो. इनपुटच्या तारेला बोट लावलं की आवाज दुप्पट, कारण आता माणूसच अँटेना झाला. मग तारा आखूड केल्या जातात, अॅडॉप्टर सोडून बॅटरी जोडली जाते, आणि भों जातो तिथे शिट्टी येते. सर्किट स्वतःच ऑसिलेट व्हायला लागलं. या धंद्यातली जुनी तक्रारच आहे की अॅम्प्लिफायर करायला घ्यावा तर तो ऑसिलेट होतो, आणि ऑसिलेटर करायला घ्यावा तर तो मौन पाळतो. त्यावर तोडगा म्हणून कोणीतरी सांगतं की आयसीच्या अगदी पायाशी प्लस आणि मायनसच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड लाव. नवशिक्याने तो कागदावर पाहिलेला असतो आणि "हा तर काहीच करत नाही" म्हणून वगळलेला असतो. हा काहीच न करणारा बसवला की शिट्टी बंद होते. पुष्कळ ऑफिसांतही अशी एक जागा असते.

चिडचिड झाली तर नवशिक्याने वाईट वाटून घेऊ नये, परंपरा थोर आहे. बॉब विडलर हा ऑप-अँपच्या जगातला मोठा माणूस, १९६५ साली फेअरचाइल्डमध्ये असताना त्याने गाजलेली ७०९ केली. एखादा पार्ट दगा देऊ लागला की हा गृहस्थ तो ऐरणीवर ठेवून हातोड्याने त्याची अक्षरशः पूड करायचा. पुन्हा तोच पार्ट चुकून हाती लागायला नको! पुढे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये काटकसर म्हणून हिरवळ कापणं बंद झालं, तेव्हा त्याने चरायला मेंढी आणून बांधली. त्याच कंपनीतला बॉब पीज टेबलावरच्या पसाऱ्यासाठी प्रसिद्ध होता. अॅनालॉग सर्किटमधले दोष कसे शोधावेत यावर त्याने चांगलं पुस्तक लिहिलं आहे. संगणकावरच्या सिम्युलेशनवर त्याचा एवढा राग, की त्याने एक संगणक पार्किंगच्या गच्चीवरून खाली फेकला होता. या मंडळींपुढे आपल्याकडची "सगळं उचलून माळ्यावर टाकीन!" ही धमकी अगदीच सभ्य ठरते.

डिजिटलवाल्याचा पहिला प्रकल्प बहुधा सापशिडीचा इलेक्ट्रॉनिक फासा. सीडी ४०१७ नावाची आयसी, तिचे दहा आउटपुट, बटणाचा एक झटका आला की दिवा एक घर पुढे. बटण दाबलं की दिवा तीन घरं पळतो. पुन्हा दाबलं की एक. पुन्हा, तर पाच.

"तू दोनदा दाबलंस."

"एकदाच दाबलं, शप्पथ!"

"मग नव्व्याण्णववर कशी गेलीस?"

फसवणूक बहिणीची नसते, बटणाची असते. बटणातल्या पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की काही मिलिसेकंद थरथरतात. माणसाच्या बोटाला तो एकच दाब वाटतो, आयसीला मात्र पाचसहा स्वतंत्र दाब दिसतात आणि ती सगळे मोजते. उपाय काय? एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, आणि काठावरच्या व्होल्टेजला न डगमगणारा ७४एचसी१४ सारखा श्मिट ट्रिगर. म्हणजे शून्य आणि एक यांच्या शुद्ध जगात नुसतं 'एक' मोजायला अॅनालॉगवाल्यांच्या दारात जाऊन कपॅसिटर मागून आणावा लागतो. तो देताना समोरचा जसा हसतो, ते पाहण्यासारखं असतं.

सीमॉसच्या आयसीचा मोकळा सोडलेला इनपुट ही आणखी एक गंमत. प्लसला नाही, मायनसला नाही, असा लोंबकळता ठेवला की तो नुसता हात जवळ नेला तरी मत बदलतो. शेजारच्या काकूंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वा, हात न लावता चालतं? सेन्सर बसवलास वाटतं?" अशा वेळी खरं सांगणारा नवशिका प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.

या दोघांच्या भांडणात तिसरा येतो तो आर्डुइनोवाला. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मला, नाव पडलं तिथल्या एका बारवरून. त्यावरचा प्रोसेसर सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मोजतो आणि नवशिका त्याला पहिलं काम देतो ते दिवा लुकलुकवण्याचं. दिवा लावायचा, सेकंदभर थांबायचं, विझवायचा, सेकंदभर थांबायचं.

"एका दिव्यासाठी एवढा मोठा बोर्ड?" ५५५वाला विचारतो.

"वेग बदलायला तुम्हाला रेझिस्टर उपटावा लागतो. मला एक आकडा बदलला की झालं."

"दोन बीसी ५४७ घेतले असते तर तुमची ५५५ही लागली नसती," ट्रान्झिस्टरवाले आजोबा कोपऱ्यातून म्हणतात. स्वतः त्यांनी बीसी ५४७ ऐवजी २एन३९०४ लावलेला असतो. दोघांचे पाय बरोब्बर उलट्या क्रमाने असतात, त्यामुळे आजोबांचा दिवा गेल्या गणपतीपासून बंद आहे.

ब्रेडबोर्डवर चाललेलं सर्किट कायमचं करायचं ठरलं की सोल्डरिंग. इथे एक हात आयर्नला, एक सोल्डरच्या तारेला आणि तिसरा वायर धरायला लागतो. तिसरा हात म्हणून घरातल्या कोणालातरी हाक मारली जाते आणि तांबं उष्णतेचं उत्तम वाहक आहे, हे त्या व्यक्तीला शाळेनंतर पुन्हा एकदा कळतं. राळेचा धूर नेमका नाकाकडेच येतो. जागा बदलली तरी. आणि पीसीबी स्वतः करायची हौस आली तर फेरिक क्लोराइड येतं, त्याने तांबं विरघळतं. ते कपडे, फरशी आणि बोटं पिवळी करतं, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतलं तर स्टीलचं सिंकही खातं. एवढं करून पाहावं, तर बोर्ड आरशातल्यासारखा उलटा छापलेला. आयसी तांब्याच्या बाजूने पालथी बसवली तरच जुळेल असा.

या सगळ्या खटाटोपातून सुटायचा एक मार्ग शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी काढतात. तयार प्रोजेक्ट विकत आणायचा. डबा चकचकीत, दिवे लागतात, बझर वाजतो. अडचण तोंडी परीक्षेत.

"हा कपॅसिटर कशासाठी लावलाय?"

"सर, सर्किटमध्ये होता म्हणून."

"काढला तर काय होईल?"

"सर, मार्क जातील."

परीक्षक हसले. कारण ते उत्तर चूक नव्हतं.

ज्यांनी स्वतः केलेलं असतं त्यांची परीक्षा वेगळीच. रात्री एक वाजता, एकट्याने पाहिलं तेव्हा सर्किट झकास चालतं. सकाळी पाहुणे आले, सगळे गोल करून उभे राहिले की ते मख्ख. "काल चालत होतं" हे वाक्य मग घरात म्हणीसारखं रूढ होतं आणि कुकर, गिझर, जावयाची गाडी अशा कशालाही लावलं जातं. कारण साधं असतं. ब्रेडबोर्डच्या भोकातली पट्टी सैल झालेली असते, टेबल सरकवताना वायर निसटते. पण निसटलेली वायर सापडेपर्यंत पाहुण्यांचा चहा संपतो. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुणांच्या एका तुकडीने संगणक बांधायला घेतला, त्याचं प्रायोगिक यंत्र १९५६ साली चाललं, आणि 'टिफ्रॅक' नावाने ओळखला जाणारा पूर्ण संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आज त्यांतली कोणती रुसली, हे शोधत बसलेली ती माणसं डोळ्यांपुढे आणली की आठ पायांच्या आयसीशी भांडणाऱ्याला जरा धीर येतो.

तेव्हा वाचकांपैकी कोणाला हा नाद लागलाच असेल, तर थोडं सांगून ठेवतो. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. कपॅसिटरवरचा आकडा दुकानातच, दुकानदारासमोर वाचून घ्या. फेरिक क्लोराइड सिंकमध्ये ओतू नका, सिंक सासरच्यांनी बसवून दिलेलं असेल तर मुळीच नाही. आणि ५५५ घेताना दोन घ्या. फार महाग वस्तू नाही, आणि पहिली उलटी बसणार आहे.